दोन मजल्यांचा एक पासवर्ड

माझ्या सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत सगळ्यात टिकाऊ गोष्ट कुठली निघाली, तर वाय-फायचं नाव. भिंतींना ओल आली, कपाटांची दारं लागेनाशी झाली, पण ते नाव जसंच्या तसं आहे. शेजारपाजारचे लोक आपलं नेट वापरणार, असा त्यांना राउटर घरात यायच्या आधीपासूनच दाट संशय होता. त्यामुळे नेटवाल्याने “नाव काय ठेवू?” असं विचारल्यावर ते जराही न अडखळता म्हणाले, “फुकट मिळणार नाही.” तेच नाव पडलं. पाहुणे आले की फोन काढून विचारायचे, “यातलं तुमचं कुठलं?” आणि घरची थोरली सून म्हणून मी हसून सांगायचे, “फुकट मिळणार नाही.” काही पाहुणे त्यानंतर फिरकले नाहीत. ते एका अर्थी बरंच झालं.

घर दोन मजल्यांचं. मधून लाकडी कठड्याचा जिना. खाली आम्ही, म्हणजे मी, माझे यजमान, आमची कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. वर धाकटे दीर आणि जाऊ. यजमानांना मी ‘हे’ म्हणते, आणि ‘हे’ एका कंपनीच्या खरेदी विभागात आहेत. खुर्च्यांपासून खिळ्यांपर्यंत सगळं घासाघीस करून घेतात आणि उरलेली घासाघीस घरी येऊन करतात. आठवड्यातले बरेच दिवस ते घरूनच काम करतात, त्यामुळे घरी येण्याचा प्रश्नही आता उरलेला नाही. दीर मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. जाऊ एका दवाखान्याचे फोन घरूनच घेते. एकूण काय, घरात माणसं भरपूर आणि दारं सगळी बंद. अधूनमधून एखाद्या दारामागून “माझा आवाज येतोय ना?” असं ऐकू आलं की समजायचं, आत कुणीतरी जिवंत आहे.

तेव्हा राउटर एकच होता, खालच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी. आणि आमचं नेट जायचं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी ठरलेलं. नेट गेलं की एरवी हाका मारमारून घसा बसला तरी न उघडणारी दारं एकदम उघडायची. “नेट गेलं का?” “तुझंही गेलं का?” दीर वरून धडधडत खाली यायचे, पाठोपाठ कानात फोनचं यंत्र घातलेली जाऊ. हे यायचे, लेक यायची. मोबाइलची रेंज आमच्या घरात खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं तरच मिळते, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. सगळे त्या डबीकडे अशा चेहऱ्याने बघत उभे राहायचे, की डॉक्टर आतून बाहेर येऊन आता काहीतरी सांगणार आहेत.

राउटर बंद पडून परत चालू झाला तरी त्याला शुद्धीवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात फोन काय करतात, हे मला लेकीने एकदा समजावून सांगितलं होतं. धरलेलं नेट सुटलं की फोन आजूबाजूला कोण कोण आहे ते चाचपडतो. ज्या ज्या नेटशी त्याची कधीकाळी ओळख झाली असेल, त्यांची नावं त्याच्या पोटात असतात. ऑफिसचं, मावशीच्या घरचं, कुठल्याशा लग्नाच्या हॉलचं. त्यातलं कुणी हाकेच्या अंतरावर दिसलं आणि पासवर्ड जमला, की विचारायला न येता तो त्याला जाऊन चिकटतो. रुसवाफुगवा नाही, “आधी त्याने बोलावं” नाही. आमच्या घरातल्या फोनांना ही अक्कल कुठून आली देव जाणे, घरातल्या माणसांकडून नक्कीच नाही.

पण ती पाच-सात मिनिटं बरी जायची, हे मला कबूल केलं पाहिजे. करायला काही नसल्यामुळे सगळे नाइलाजाने बोलायचे. दीर ह्यांच्या पोटावरून काहीतरी बोलायचे, हे दिरांच्या टकलावरून बोलायचे, आणि सासूबाई आपल्या खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत हसायच्या. त्यांना दोन्ही मुलगे एकत्र दिसायचे ते तेव्हाच. मग डबीवरचे दिवे लागायचे, कुणीतरी “आलं!” म्हणून ओरडायचं, आणि सगळे आपापल्या बिळात पसार.

नेटवाल्याने दोनदा वायर बदलली, एकदा डबी बदलली. हा गृहस्थ येताना शिट्टी वाजवत यायचा आणि जाताना दोष आमच्यावर टाकून जायचा. “तुमच्या भिंती जाड आहेत” हे त्याचं एक निदान, आणि “तुम्ही फार वापरता” हे दुसरं.

मग तो मुलाखतीचा दिवस उजाडला. ह्यांना विभागप्रमुखाच्या जागेसाठी बोलावणं आलं होतं. बोलावणं म्हणजे काय, आपल्याच खोलीत बसायचं आणि पडद्यावरच्या साहेबांकडे आदराने बघायचं. ह्यांनी कमरेच्या वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातला. कमरेच्या खाली लेकीने जुनी झाली म्हणून टाकलेली फुलाफुलांची चड्डी. “खाली कोण बघतंय?” असं म्हणाले. मी काही बोलले नाही. माझ्या बोलण्याने चड्डी बदलली असती, असं आमचं घर नाही.

ऐन रंगात आलेली मुलाखत, मोठ्या साहेबांनी नेमका तो मोठा प्रश्न विचारला, आणि नेट गेलं. हे दार आपटून हॉलमध्ये आले. बघतात तर राउटरपाशी दीर उभे, हातात त्याचा प्लग. दिरांना सवय होतीच, जरा काही अडलं की “बंद करून चालू करू” म्हणायची. मग काय विचारता! ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “गाढवा, तुला आजच खाज आली होती का?” इथपासून सुरुवात झाली आणि लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली इथपर्यंत मागे गेली. दिरांनी मुकाट्याने प्लग लावला. तोंडातून अक्षर काढलं नाही. ह्यांनी त्यांना दंडाला धरून आपल्या खोलीच्या दारापर्यंत ओढत आणलं आणि पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, “बघ, बघ कुणासमोर नाक कापलंस माझं!”

पडद्यावर साहेब होते. लॅपटॉपने कधीच परत नेट धरलं होतं. जाताना बोंब होते, पण येताना हे नेट चोरपावलांनी येतं. कॅमेरा चालू, माइक चालू, समोर टाय, फुलाफुलांची चड्डी आणि धाकट्या भावाचा दंड. मोठे साहेब फार सभ्य. ते म्हणाले, “आपण नंतर बोलू.” ते नंतर काही आलं नाही. जागा दुसऱ्याला गेली.

तिथून दोघा भावांची बोलाचाली बंद झाली. हे रोज घर डोक्यावर घेत होते आणि दीर मूग गिळून बसले होते. त्या गप्प बसण्याचा ह्यांना जास्तच राग यायचा, कारण चुकलं असं निदान तोंडाने तरी म्हणावं, अशी ह्यांची अपेक्षा. मला स्वतःला दिरांचं नवल वाटायचं. एरवी एक शब्द खाली पडू न देणारा माणूस.

महिनाभरात वर वेगळं स्वयंपाकघर झालं, वेगळं वर्तमानपत्र येऊ लागलं, आणि अर्थात वेगळं नेट. दिरांनी वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आपला राउटर लावून घेतला. त्याच धडाक्यात आम्हीही खालचा बदलला, कारण त्यांच्याकडे नवीन आणि आमच्याकडे जुना, हे ह्यांना कसं सोसावं? काम त्याच शिट्टीवाल्या नेटवाल्याने केलं. दोन मजले, दोन कनेक्शनं, दोन राउटर. इथपर्यंत ठीक. पण दहा-बारा फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर असं सगळं एकेक हातात घेऊन नव्या नेटला जोडत बसायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने डोकं चालवलं. दोन्ही राउटरना जुनंच नाव दिलं आणि जुनाच पासवर्ड. खाली ‘फुकट मिळणार नाही’ आणि वरही ‘फुकट मिळणार नाही’. “तुम्हाला कुणाला काही करायलाच नको,” तो म्हणाला, “सगळं आपोआप धरेल.” आणि शिट्टी वाजवत गेला.

सगळ्याने आपोआप धरलं, हे खरं. पण कुणी कुणाला धरलं हे विचारू नका. फोनाला वरचं-खालचं काय कळतं? नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणजे घर एकच, असा त्याचा सरळ हिशेब. त्यात फोनाचा स्वभाव आमच्या घरातल्या पुरुषांसारखा, एकदा धरलं की शेजारी त्याहून चांगलं दिसत असलं तरी लवकर सोडायचं नाही. खाली धरलेलं वर गेल्यावरही धरून बसायचं, अगदी जीव जाईपर्यंत. त्यामुळे मालकांची तोंडं दोन दिशांना आणि त्यांचे फोन मात्र बिनधास्त एकमेकांच्या घरी. आम्हाला बरेच दिवस याचा पत्ताच नव्हता. आमच्या प्रिंटरमधून एकदा त्रिकोण आणि चौकोन भराभर बाहेर पडले, तेव्हा ह्यांनी ते लेकीच्या कॉलेजच्या माथी मारले.

नवे राउटर आल्यापासून नेट एकदाही गेलं नाही. मी नेटवाल्याला मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली.

मग तो टीव्हीचा प्रकार झाला. जाऊबाई सासूबाईंना गोळ्या द्यायला खाली आली होती. तिने भांडणात कधी भाग घेतला नाही, गुणी आहे. गोळ्या देऊन ती वर गेली, आणि तिच्या फोनने खालचं नेट काही सोडलं नाही. वर जाऊन तिने व्यायामाचा व्हिडिओ लावला आणि मोठ्या पडद्यावर बघावा म्हणून फोनला सांगितलं, टीव्हीवर पाठव. फोनला आपल्या नेटवर एक टीव्ही दिसत होता, त्याने पाठवला. तो टीव्ही आमचा. त्यासमोर हे सोफ्यावर पाय पसरून, पोटावर वाटी ठेवून, शेंगदाणे खात बातम्या बघत होते.

बातम्या गेल्या. चुस्त कपड्यांतली एक बाई आली आणि ह्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, “पोट आत घ्या.”

ह्यांनी वाटी उचलली.

“आणखी आत,” बाई म्हणाली. “लाज वाटू देऊ नका. इतकी वर्षं लक्ष दिलं नाहीत, त्याचं हे फळ आहे.”

हे सोफ्यावरून ताडकन उठले. रिमोट दाबला, बाई जाईना. वर जाऊबाईच्या उड्या सुरू झाल्या होत्या, छतातून धप धप आवाज येत होता, त्यावरून ह्यांच्या लक्षात आलं की हे वरून आलंय. त्यांनी जिन्याखाली उभं राहून छताकडे बघत तोफ डागली. भावाशी बोलायचं नव्हतं, म्हणून छताशी. “घरात घुसून अपमान करता? माझ्या टीव्हीवर? माझ्या पोटावर?” वरून दिरांचा आवाज आला, तोही भिंतीला उद्देशून, “कुणाच्या पोटाकडे बघायला इथे कुणाला वेळ नाही.”

नेटवाल्याला बोलावणं गेलं. त्याने येऊन खुलासा केला, की दोन्हींचं नाव एक असल्यामुळे फोन इकडून तिकडे जातात. वर हेही म्हणाला, की हा तर फायदा आहे. एक बंद पडलं तर दुसरं धरतात, तुम्हाला कळतसुद्धा नाही. फक्त एकाने नाव बदललं की मिटलं. आता बदलायचं कुणी? हे म्हणाले, “मी थोरला. बाबांनी ठेवलेलं नाव माझ्याकडे राहणार.” वरून निरोप आला, “बाबा सगळ्यांचे होते.” वडिलांचं घड्याळ, कपाट, आरामखुर्ची यांची वाटणी दोघांनी चकार शब्द न काढता केली होती. अडलं कशावर, तर ‘फुकट मिळणार नाही’वर.

नाव कुणी बदलेना. मग ह्यांनी त्यावर जालीम उपाय काढला. जिना बंद करायचा. मधोमध विटांची भिंत घालायची, म्हणजे वरची माणसं वर, खालची खाली, फोनसकट. दीर म्हणाले, खुशाल घाला, आणि त्यांनी घराच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना करून घेतला. गोल गोल वळत जाणारा, पायरी एवढीशी, खालचं सगळं फटीतून दिसतं.

सासूबाईंचे गुडघे गेलेत. घरातला जिना त्या कठड्याला धरून, मध्ये एकदा टेकून, कशाबशा चढायच्या. रोज दुपारी. वर जाऊन दिरांच्या खोलीबाहेरच्या खुर्चीत बसायच्या. आत दीर मुलांना समीकरणं शिकवत असायचे, त्या बाहेर बसून ऐकायच्या, आणि दोन क्लासांच्या मधल्या वेळात मुलगा बाहेर येऊन त्यांच्याशी चार शब्द बोलायचा. लोखंडी जिना तयार झाल्यावर त्या एकट्याच मागे गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा उचलला, खाली बघितलं, आणि दोन्ही हातांनी दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन त्यांना उतरवलं. “उंच आहे गं,” एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री मी ह्यांना विचारलं, “आईंनी वर कसं जायचं?”

“त्याने खाली यावं,” हे म्हणाले.

दिरांना विचारलं. ते म्हणाले, “दादाने बोलवावं, येतो.”

मला दोघांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. एका छपराखाली राहून आईला धाकट्या मुलाचं तोंड बघायला मिळणार नाही, आणि हे दोघे पन्नाशीला आलेले घोडे कुणी आधी बोलायचं याचा मान धरून बसलेले! पण माझं ऐकतो कोण? मी पडले परक्या घरची, इथे येऊन तर चोवीसच वर्षं झाली.

ठरल्या दिवशी सकाळी गवंडी आला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी विटा रचल्या, वाळूचा ढीग ओतला, ओळंबा लावून बघितला. हे त्याला म्हणाले, “पहिला थर माझ्यासमोर लावायचा. मी एक कॉल संपवून येतो.” आणि खोलीत जाऊन दार लावलं. वर दिरांचं दार बंद. लेकीचं बंद. गवंडी विटांवर बसून तंबाखू मळू लागला.

सासूबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. विटांकडे बघितलं. मग हळूहळू चालत टीव्हीपाशी गेल्या, भिंतीचा आधार घेऊन वाकल्या आणि राउटरचा प्लग ओढून काढला.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हातातलं फडकं हातातच राहिलं.

राउटरचे दिवे विझले. सासूबाई प्लग हातात धरून वळल्या आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या, दारांकडे तोंड करून. एकदा ह्यांच्या दाराकडे, एकदा लेकीच्या, एकदा वर जिन्याकडे. पाहुणे दाराशी आलेत आणि आता आत येणार, अशी वाट बघत होत्या.

कुणी आलं नाही. ह्यांच्या खोलीतून घासाघीस ऐकू येत होती. मध्ये एकदा “हॅलो? हां, येतोय आता आवाज,” एवढं म्हणून ती पुढे चालू. लेक आत कशाला तरी हसली. खालचं नेट गेल्याबरोबर खालच्या सगळ्यांनी वरचं धरलं होतं. त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं. कुणाला कळलंसुद्धा नव्हतं.

सासूबाईंनी हातातल्या प्लगकडे बघितलं. पुन्हा वाकल्या, तो लावला, दिवे लागल्याचं नीट बघितलं, आणि पुन्हा काढला. पुन्हा तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांना मी दिसले.

“बंद झालं नाही का गं?” त्यांनी विचारलं.

“झालंय आई.”

“मग कुणी आलं कसं नाही?”

आठवड्यातून दोन-तीनदा जाणारं ते नेट, बदललेल्या वायरी, आमच्या जाड भिंती, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. “आई, ते तुम्ही काढायचात?” मी विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “हाका मारल्या तर ‘आलो, आलो’ म्हणतात, येत कुणी नाही. हे काढलं आणि कुणी बघायच्या आत परत लावलं, की येतात. मला जरा बघायला मिळतात सगळे. पण त्या दिवशी याची मुलाखत चाललीय हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, नेहमीसारखा बोलतोय.”

“आणि भावजी?”

“तो खालीच उतरत होता. त्याने बघितलं. माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, ‘आई, तू आत जा, दाराला कडी लाव. मी बघतो.’ नंतर म्हणाला, हे कुणाला सांगायचं नाही, माझी शपथ आहे. त्या दिवसापासून मी हात लावला नव्हता बघ.” मग विटांकडे बघत म्हणाल्या, “आज वाटलं, एकदा दोघं समोर आले तर बोलतील. आता हेही चालत नाही.”

मला रडू आलं. ते या बाईपुढे येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी राग आणला. तो मला केव्हाही आणता येतो. “इथेच थांबा,” असं म्हणून मी पदर खोचला, गवंड्याला “सरका जरा” म्हटलं, विटांवरून पाय टाकला आणि जिना चढले.

वर जाऊबाई कानात यंत्र घालून कुणाच्या तरी दातदुखीला वेळ देत होती. मला बघून तिने भुवया उंचावल्या. मी सरळ जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या त्यांच्या राउटरकडे गेले आणि प्लग ओढला.

“वहिनी! अहो, काय करताय?” जाऊबाई ओरडली.

“सासूबाईंचं काम,” मी म्हटलं.

आता खाली ‘फुकट मिळणार नाही’ नव्हतं आणि वरही नव्हतं. घरातल्या सगळ्या फोनांनी चाचपडून बघितलं असेल. त्यांना धरायला कुणीच उरलं नव्हतं.

आधी लेकीचं दार उघडलं. मग वर दिरांचं. मग ह्यांचं, आणि आवाजही ओळखीचा, “नेट गेलं का?”

“माझंही गेलं,” दीर वरून म्हणाले. सवयीने बोलून गेले. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाशी बोललो ते. जिन्याच्या वरच्या टोकाला दीर, खालच्या टोकाला विटांच्या अलीकडे हे. किती दिवसांनी दोघं समोरासमोर आले होते! हे आज निदान पूर्ण पँटमध्ये होते.

“पुन्हा काढलंस?” ह्यांनी लगेच सुरू केलं. “आजसुद्धा?”

“मी काढलं,” सासूबाई म्हणाल्या.

त्या ह्यांच्या मागे उभ्या होत्या. हातात प्लग होता, वायर मागे लोंबत होती. हे वळले. “आई, तू? चुकून लागला का हात?”

“चुकून कशाला लागेल? मीच काढते. पूर्वीपासून. तुझ्या त्या मुलाखतीलाही मीच काढलं होतं.”

“आई!” दीर वरून ओरडले. “तुला सांगितलं होतं ना!”

“सांगितलं होतंस. पण भिंत घालणार असं नव्हतं सांगितलंस.”

गवंड्याने तंबाखूची डबी खिशात ठेवली. लेक दाराला टेकून उभी होती, फोन हातात असून त्याकडे बघत नव्हती. हे एकदा आईकडे बघत होते, एकदा वर भावाकडे. चेहरा असा, की कुणीतरी तोंडात मारावी आणि मारणारा दिसू नये.

“मग तू बोलला का नाहीस?” ह्यांनी अखेर विचारलं.

“तू विचारलंस कुठे?” दीर म्हणाले. “बाहेर आलास तो गाढवा म्हणतच आलास. आणि मी खरं सांगितलं असतं, तर जे मला बोललास ते सगळं आईला बोलला असतास.”

“मी आईला असं—” हे म्हणाले आणि थांबले. वाक्य पुरं झालं नाही. बोलले असते. त्यांनाही ते ठाऊक होतं, मलाही, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर ह्यांना शब्द सुचत नव्हते. मी मदत केली नाही.

दीर पायऱ्या उतरून विटांपर्यंत आले. सासूबाईंनी हात पुढे करून त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने ह्यांचा. दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या, पूर्वी खुर्चीतून बघायच्या तशा, फक्त हसत नव्हत्या.

“साहेब,” गवंडी म्हणाला, “माल कालवू का? एकदा पाणी घातलं की मग थांबता येत नाही.”

“आज राहू द्या,” हे म्हणाले.

“उद्याही,” दीर म्हणाले.

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. बहुधा खरा मालक कोण हे त्याच्या लक्षात आलं असावं. मी मान हलवली. तो ओळंबा गुंडाळायला लागला. ह्यांच्या खोलीत लॅपटॉपवर कुणीतरी अर्ध्यात अडकलं होतं, वर दिरांची मुलं समीकरणात लटकली होती, जाऊबाईची दातदुखी वाऱ्यावर होती. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मुलांचे दंड सोडले आणि वायर गोळा करायला लागल्या.

“तुमची कामं अडली असतील रे,” त्या म्हणाल्या. “लावू का मी आता परत?”

हे विटांवर बसले आणि सरकून भावाला जागा करून दिली. “राहू दे गं थोडा वेळ,” म्हणाले.